दिव्याभोवतीचे रंग

चाकणजवळच्या नाणेकरवाडीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात सादिका चेकिंगच्या टेबलावर बसायची. बोल्ट, क्लॅम्प, ब्रॅकेट असा बारीक माल जस्ताचा मुलामा होऊन तिच्यापुढे येई. मुलाम्यानंतर तो एका पिवळ्या टाकीत थोडा वेळ बुडवलेला असे, आणि त्या टाकीतून निघाला की त्याच्यावर इंद्रधनुष्य चढलेलं असे. ट्यूबलाइटखाली बोल्ट फिरवला की पिवळ्यातून गुलाबी, गुलाबीतून हिरवा आणि पुन्हा पिवळा असे रंग त्याच्या अंगावरून सरकत. सगळीकडून सारखे सरकले तर माल पास. कुठे तपकिरी डाग असला, कुठे पांढरी भुकटी असली किंवा एखादा कोपरा नुसताच राखाडी राहिला असला, तर तो तुकडा लाल क्रेटमध्ये. टेबलावरच्या बायका म्हणत, रंग धरला, किंवा रंग नाही धरला.

रंग धरला म्हणजे आता लवकर गंज चढणार नाही. इतकी वर्षं हेच पाहून सादिकासाठी इंद्रधनुष्य ही आकाशातली गोष्ट राहिली नव्हती. ते दिसलं की हात आपोआप माल पुढे सरकवायचा. ठीक आहे, जाऊ दे.

मेदनकरवाडीतल्या खोलीत ती आणि नवरा जहीर, दोघंच राहत होते. जहीर छोटा टेम्पो चालवायचा. या कारखान्यातला माल त्या कंपनीत पोचवायचा. त्यांची एकुलती एक मुलगी फरहीन डिसेंबरात घर सोडून गेली होती. पळून नाही, बॅग भरून, बापाच्या देखत. लातूरला जहीरच्या बहिणीच्या मुलाशी, अय्याजशी, तिचं ठरलं होतं. मंगनीला आठवडा असताना तिनं सांगितलं, बंगळूरच्या पुढे होसूरला मोबाइल बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आहे, राहायला हॉस्टेल आहे, मी जाणार.

"जा," जहीर म्हणाला होता. "पण मग या घरात तुझा फोन वाजला नाही पाहिजे."

रागात बोललेलं वाक्य होतं. पण नंतर बहिणीपुढे मान खाली घालायची वेळ आली आणि राग तसाच घट्ट झाला. सादिकानं मुलीचा नंबर 'गॅसवाला' या नावानं फोनमध्ये ठेवला आणि वाट पाहू लागली. आपण लावला तर तिथे मुलगी रडेल आणि इथे आपण, म्हणून ती लावत नव्हती. फरहीनही लावत नव्हती.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी गल्लीतली वीज गेली. जहीर अजून आला नव्हता. सादिका दाराच्या पायरीवर येऊन बसली. सगळीकडे काळोख होता. रस्त्यापलीकडच्या गोदामाचा एकच मोठा दिवा जनरेटरवर चालू होता. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. हळूहळू त्या दिव्याभोवती एक कडं उमटलं. आत निळं, मग हिरवं, पिवळं, आणि सगळ्यात बाहेर लाल. इतकं रेखीव, की कुणी कंपासनं काढलं असावं.

रंग धरला, तिच्या मनात आलं.

आणि मांडीवरचा फोन वाजला. गॅसवाला.

"अम्मी," फरहीन म्हणाली. "मी बरी आहे. खोलीत सहा मुली आहोत. दोघी ओडिशाच्या आहेत. भात खाऊन खाऊन कंटाळा आलाय. तू रागावली नाहीस ना?"

सादिका रागावली नव्हती. दोघी बोलत राहिल्या आणि दिव्याभोवतीचं कडं तसंच होतं. फोन ठेवल्यावर तिचं डोकं दुखायला लागलं, उजव्या भुवईच्या वर, मग सगळ्या कपाळात. उलटी झाली. रडल्यामुळे पित्त उठलं असेल म्हणून ती झोपली. सकाळी काहीच नव्हतं.

आकाशातलं इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबांमुळे होतं. बोल्टावरचं त्याच्या अंगावरच्या अतिशय पातळ थरामुळे. सादिकाला दिसलं ते तिसऱ्याच कारणानं झालं होतं, आणि ते कारण डोळ्याच्या आत होतं. डोळ्यात पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक फटीतून बाहेर जात असतं. सादिकाच्या डोळ्यांत ती फट मुळातच अरुंद होती, वयाबरोबर आणखी अरुंद झाली होती. अंधारात बाहुली मोठी होते तेव्हा बुबुळाचा पडदा कडेला गोळा होऊन फट बुजायची. पाणी तुंबायचं, दाब वाढायचा, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पाण्यानं सुजायचा, आणि त्यातून दिव्याकडे पाहिलं की प्रकाश रंगारंगांत फुटायचा. झोप लागली की बाहुली लहान व्हायची, फट उघडायची, सकाळी सगळं पूर्ववत. दाब चढला की डोळ्यामागच्या नसेचे काही धागे मरतात, आणि मेलेले धागे परत येत नाहीत. हे सादिकाला ठाऊक नव्हतं. तिच्या आसपास कुणालाच नव्हतं.

तिनं फक्त अंबूबाईला सांगितलं. अंबूबाई कुरुळीची, तिथल्या जुन्या घरातली. टेबलावर सादिकाच्या शेजारी बसायची.

"दिव्याला रंग दिसत्यात?" अंबूबाई हसली. "सादिके, इतकी वर्सं हेच बघतीयास. आता घरीबी तुला माल पासच दिसायचा."

"त्याच वेळी फोन आला पोरीचा."

"मंग चांगलंच हाय की. आमच्या आज्जीला बी असलं काय काय दिसायचं. नशीब लागतं त्याला."

पुढल्या आठवड्यात वीज गेली नव्हती, म्हणून सादिकानं खोलीतला दिवा स्वतःच बंद केला. पायरीवर बसली. गोदामाच्या दिव्याकडे पाहत राहिली. कडं उमटलं. फोन आला.

फरहीनची शिफ्ट सुटून ती हॉस्टेलवर पोचायची तीच वेळ होती, त्यामुळे फोन आला तर संध्याकाळीच येणार होता. पण सादिका असा हिशेब करत नव्हती. कधी रंग दिसायचे आणि फोन यायचा नाही. त्या दिवशी रंग नीट धरला नव्हता, असं ती म्हणायची. कधी रंग नसताना फोन यायचा. तो फोन त्रोटक असायचा, तो ती मोजतच नसे. टेबलावर ती एक डागही सोडत नसे. घरी मात्र जे हवं तेवढंच पास होत होतं.

जहीर यायचा तेव्हा खोलीत काळोख आणि बायको पायरीवर.

"अंधारात काय करायलीस? लाइटबिल वाचवायलीस का?"

"वारा येतो इथं."

आणि थोड्याच वेळात ती डोकं धरून आडवी व्हायची. जहीर तिला सोडा आणून द्यायचा, कपाळाला बाम चोळायचा. तो कमी बोलणारा माणूस होता; पण पाहायचा. त्यानं पाहिलं की ज्या दिवशी बायको फोनवर कुजबुजत असते, त्याच दिवशी तिला उलटी होते. त्यानंही मनात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या.

जूननंतर फोन थांबले.

सादिकानं आधी वाट पाहिली, मग स्वतः लावून पाहिला. फरहीन उचलत नव्हती. दुसऱ्या दिवशी मेसेज यायचा: 'ठीक आहे अम्मी. काळजी करू नको. तब्येत सांभाळ.' दर वेळी तेच शब्द. तब्येत सांभाळ, असं या मुलीनं कधी म्हटलं नव्हतं. ही मुलगी म्हणायची, जेवलीस का, काय केलंस, मला पण पाठव. कुणीतरी तिचा फोन घेऊन हे लिहितंय, असं सादिकाला वाटू लागलं. तिकडं काहीतरी झालंय. तिकडच्या मुलींच्या बातम्या ती फोनवर पाहायची आणि रात्रभर डोळा लागायचा नाही. जहीरला सांगायची सोय नव्हती.

उरली पायरी. जे एकदा फोन घेऊन आलं होतं ते पुन्हा आणेल, म्हणून ती रोज बसू लागली. कामावरून आली की दिवा न लावताच बसायची. रंग यायला आता वेळ लागत नसे. कडी जाड झाली होती, उजव्या डोळ्याला मोठी, डाव्याला बारीक. कधी कधी सकाळीही उजव्या बाजूला धूर राहायचा. फोनवरची अक्षरं चिकटून दिसायची. रंग इतके पक्के धरतायत आणि फोन येत नाही, याचा अर्थ लावता लावता ती थकायची. मग वाटायचं, अजून थोडं बसायला हवं होतं, आपण लवकर उठलो.

ऑगस्टमध्ये कारखान्यात चेकिंगवाल्यांची डोळेतपासणी होती. सुपरवायझर नवनाथनं आधीच बजावलं होतं.

"ताई, गुरुवारी कुणी दांडी मारायची नाही. डोळ्याचे डॉक्टर येणार आहेत."

"अन् नंबर निघाला तर?" कुणीतरी विचारलं.

"निघाला तर चष्मा. फारच निघाला तर पॅकिंग. जीव थोडीच घेणार आहे कुणी, राव."

गुरुवारी सादिका घरी राहिली. टेबल जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती तिनं कुणाला सांगितली नाही. डॉक्टरनं डोळ्यात पाहिलं, एखादं औषध घातलं आणि रंग दिसायचे बंद झाले तर?

सप्टेंबरातल्या त्या दुपारी ढग इतके खाली आले की शेडमध्ये संध्याकाळ झाली. मग वीज गेली. जनरेटर टाक्यांपुरता होता. टेबलावरच्या बायका हात मांडीवर ठेवून अंधारात बसून राहिल्या. कुणी शेंगदाणे काढले, कुणी सासूचं गाऱ्हाणं. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की शेजारणीशीही ओरडून बोलावं लागत होतं. बराच वेळ गेला.

वीज आली. छताला टांगलेले मोठे दिवे एकेक करून पेटले, आणि सादिकाला प्रत्येकाभोवती कडं दिसलं. एकाभोवती दोन. सगळ्या शेडमध्ये रंगच रंग होते. तिनं पिशवीतून फोन काढला आणि तोंडाजवळ धरून बसली.

"काय गं?" अंबूबाईनं विचारलं.

"आज येणार. बघ."

मग दुखणं आलं. नेहमीसारखं कपाळावरून आलं नाही. उजव्या डोळ्यातून आलं, आत कुणी अंगठा रोवावा तसं. ती टेबलावर वाकली. उलटी झाली, पुन्हा झाली. अंबूबाईनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि पदरानं तोंड पुसताना तिचं बोट मिटलेल्या पापणीला लागलं.

"नवनाथभाऊ," ती म्हणाली, "हे पित्त न्हाई. हिचा डोळा गोटीवानी कडक झालाय. जहीरभाईला फोन लावा. आत्ता."

जहीर म्हाळुंग्यात माल उतरवत होता. तो आला तेव्हा सादिका दाराशी खुर्चीवर बसली होती, उजवा डोळा लालभडक, हातात फोन. चाकणमधल्या जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोळ्यावर बॅटरी मारली. उजव्या डोळ्याची बाहुली हललीच नाही. त्यानं उलटीचं इंजेक्शन दिलं आणि जहीरला बाजूला घेतलं.

"इथं याला इलाज नाही. पिंपरीला डोळ्यांच्या हॉस्पिटलात न्या. उद्या सकाळी नाही, आत्ताच. जितका उशीर होईल तितका डोळा जाईल."

"म्हणजे किती वेळ आहे?"

"मी सांगितलं ना. आत्ता निघा."

टेम्पो नाशिक रस्त्याला लागला आणि थांबला. पाऊस उघडला होता, तिन्ही शिफ्टांच्या बस, कंटेनर, दुचाक्या, सगळं एकमेकांत अडकलं होतं. थोडं सरकायचं, थांबायचं. कुरुळी फाट्याच्या अलीकडे ते सरकणंही बंद झालं. पश्चिमेला ढग फाटले आणि उजव्या बाजूनं पिवळं ऊन सगळ्या टपांवर पडलं. जहीरनं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

पुढच्या गाडीतून एक माणूस उतरला. त्यानं मोबाइल वर धरला. मग दुचाकीवरचे दोघं थांबले. मग बसमधून पोरं उतरली.

"डबल आहे भावा, डबल! वरचं बघ ना."

"अहो काका, हॉर्न कशाला? जरा बघा तरी, काय नजारा आहे."

जहीर खाली उतरला. "बाई आजारी आहे. गाड्या घ्या बाजूला. हात जोडतो."

"घ्यायला जागा कुठाय काका? डोक्यावरून नेऊ का गाडी?" दुचाकीवाला म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आपली गाडी हातभर मागे घेतली. पण तेवढ्यानं काहीच झालं नाही. जहीर पुढे चालत गेला, दोनचार काचांवर टकटक केली, परत आला. स्टीअरिंगवर डोकं टेकून बसला.

"काय झालं?" सादिकानं विचारलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"लोक फोटो काढायलेत."

"कशाचा?"

"इंद्रधनुष्य पडलंय. मोठं आहे. दोन आहेत."

"कुठं?"

"डावीकडं. शेडच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

सादिकानं डोळे उघडले आणि डावीकडे वळली. तिथे दुधात पाणी घातल्यासारखा एक पांढरा पडदा होता. शेड नव्हत्या, आकाश नव्हतं. ती पुन्हा समोर वळली. पुढे थांबलेल्या गाड्यांचे लाल दिवे होते, आणि प्रत्येक दिव्याला कडं होतं.

"तिकडं काही नाही," ती म्हणाली. "पण गाडी गाडीला आहे. इतके कधी दिसले नव्हते. आज तिचा फोन येणारच."

"कुणाचा?"

आता लपवण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. तिनं सांगून टाकलं: गोदामाचा दिवा, बंद केलेला बल्ब, रंग, आणि रंगांमागून येणारी फरहीन. "जूनपासून नुसतेच रंग येतात. फोन येत नाही. म्हणून जास्त वेळ बसते. तिला काहीतरी झालंय. तुमच्या शब्दासाठी माझी पोरगी तिकडं मेली असेल तर मी काय करू, सांगा."

जहीर समोर पाहत राहिला. एक पोरगं बसच्या टपावर चढलं होतं आणि खालचे त्याला शिट्ट्या मारत होते.

"तिला काही नाही झालं," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"जूनमध्ये मी उचलला होता फोन. तू उलटी करून झोपली होतीस. गॅसवाला म्हणून वाजला. कुठल्या गॅसवाल्याचा फोन आला की बाई रडते, सादिका? मला काय कळत नव्हतं का?"

"काय बोललात तिला?"

"रागानं नाही बोललो. खुदाची शपथ. मी म्हणालो, तुझा फोन आला की आईचं डोकं उठतं. उलट्या होतात. मी डोळ्यानं बघतोय. आई जगायला पाहिजे असेल तर फोन करू नको. ती रडली. म्हणाली, बरं अब्बा." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, फोननं होतंय हे. फोन बंद झाला की तू बरी होशील."

एवढ्या दिवसांत तो 'तब्येत सांभाळ' कुणाचा होता, ते सादिकाला कळलं. तो फरहीनचाच होता. मुलगी तिकडे आईला जगवत होती, आणि आई इकडे अंधारात बसून तिला हाका मारत होती.

"लावा," ती म्हणाली. "तुम्हीच लावा. मला अक्षरं दिसत नाहीत."

जहीरनं तिच्या हातातून फोन घेतला, गॅसवाला शोधला आणि लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

"शिफ्टला असेल," तो म्हणाला. "फोन लॉकरमध्ये ठेवून घेतात त्यांचे."

"पण रंग आहेत," सादिका म्हणाली. लहान मुलानं म्हणावं तसं. "बघा ना. किती आहेत."

इंद्रधनुष्य आधी मधोमध पुसलं गेलं, मग दोन्ही टोकं. लोक गाड्यांत बसले. रस्ता मात्र तसाच राहिला. मोशीचा पूल ओलांडेपर्यंत अंधार पडला होता, आणि अंधारात समोरून येणारा प्रत्येक दिवा तिच्या डोळ्यात रंगांचा एकेक चाबूक मारत होता. ती ओरडत नव्हती. जहीरच्या शर्टाची बाही तिनं इतकी घट्ट धरली होती की गिअर बदलताना त्याला ती सोडवून घ्यावी लागत होती.

हॉस्पिटलात डॉक्टर योगिनी म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी सलाइनमधून औषध सुरू केलं, थेंबांमागून थेंब घातले, दाब मोजला, पुन्हा मोजला.

"दिव्याभोवती रंग दिसत होते का?"

"हो."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

डॉक्टरांचा हात थांबला. "कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं. अंबूबाईला."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"माल पास आहे म्हणाली."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

हळूहळू दाब उतरला. दुखणं उतरलं. छतावरच्या दिव्याभोवतीचं कडं फिकट झालं, तुटलं, आणि गेलं. सादिका ते जाताना डाव्या डोळ्यानं पाहत होती. उजव्यात आता काहीच नव्हतं, काळोखही नाही, फक्त राखाडी. आणि रंगाचा शेवटचा धागाही उरला नाही तेव्हा, बाहेर बाकड्यावर बसलेल्या जहीरच्या खिशात तिचा फोन वाजला.

"अम्मी?" फरहीन म्हणाली. "इतके मिस्ड कॉल... अम्मी?"

"मी बोलतोय," जहीर म्हणाला. पलीकडे मुलगी अब्बा, अब्बा करत राहिली, आणि तो फोन कानाला धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डाव्या डोळ्याला डॉक्टरांनी लेझरनं एक बारीक भोक पाडलं, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळाली. तो डोळा वाचला. उजव्यालाही तेच केलं, पण त्याच्या नसेत आता फारसं काही उरलं नव्हतं. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं त्याला कळायचं. पहिल्यांदा रंग दिसले तेव्हाच आल्या असत्या तर दोन्ही डोळे राहिले असते, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या ते कुणाला दोष द्यायला म्हणाल्या नव्हत्या. जहीरनं मान हलवली, जणू त्याला रस्ता सांगितला होता.

फरहीन आली. केस कापले होते, वाळली होती. ती आल्या आल्या खोलीतले सगळे दिवे लावायची, दुपारीसुद्धा. स्वयंपाकघरातला, मोरीतला, दारावरचा. संध्याकाळी आईला बल्बसमोर बसवायची.

"आता काय दिसतं?"

"बल्ब."

"भोवती?"

"काही नाही."

"बरोबर बघ, अम्मी."

"काही नाही गं. नुसता बल्ब आहे."

मुलगी सुटकेचा श्वास टाकायची आणि सादिका बल्बकडेच पाहत राहायची. एक दिवस अंबूबाई भाकरी आणि पिठलं घेऊन आली. बराच वेळ बसली, पण नेहमीसारखी बोलली नाही. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "मी हसले गं तवा," आणि चपला घालून निघून गेली. नवनाथचा फोन आला होता: ताई, घाई करू नका, बरं वाटलं की पॅकिंगला या. पॅकिंगमध्ये रंग पाहावा लागत नाही.

लातूरच्या मंगनीचं कुणी काढलं नाही. फरहीनची रजा संपली. जहीरनं तिला आपल्या टेम्पोनं वाकडला नेलं, सादिकाही बरोबर गेली. बंगळूरच्या बसगाड्या एकामागून एक लागत होत्या. जहीरनं बॅग डिकीत ठेवली, पाण्याची बाटली घेऊन दिली, आणि मुलीकडे न पाहता म्हणाला, "पोचलीस की फोन कर. माझ्या फोनवर कर."

"करते अब्बा."

"रोज कर."

"रोज जमणार नाही, अब्बा. शिफ्ट बदलते. कधी ओव्हरटाइम लागतो. पण करेन."

ती आईला मिठी मारून चढली. खिडकीतून हात हलवला. बस वळून मोठ्या रस्त्याला लागली आणि तिचे मागचे दोन लाल दिवे दिसू लागले. संध्याकाळ झाली होती. सादिका फुटपाथच्या कडेला गेली आणि डाव्या डोळ्यानं त्या दिव्यांकडे पाहू लागली. अगदी स्वच्छ दिसत होते. दोन लाल ठिपके, बाकी काही नाही.

तिनं डावा डोळा तळहातानं झाकला आणि उजव्यानं पाहिलं. राखाडी होतं. पापणी ताणून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. मग हात काढला आणि पुन्हा डाव्यानं, पापणी न लववता. रंग म्हणजे काय हे आता तिला चांगलं माहीत होतं. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तरीही ती शोधत होती. एक बारीकसं कडं, कुठेतरी, काठावर.

"चल सादिका," जहीर म्हणाला. "गेली ती."

"थांबा," ती म्हणाली. "अजून दिसतायत दिवे."